पिशवीत गाठ होती

[दृश्य: स्वयंपाकघर. स्टीलच्या वाटीत डाळिंबाचे दाणे पडतायत. माणूस दिसत नाही, फक्त हात.]

सांगोल्यात डाळिंबाचं कुणाला अप्रूप नाही. पण बागायतदार असलेल्या माझ्या दादानं घरात बसून डाळिंब सोललेलं मी पहिल्यांदा पाहिलं, ते वहिनी दवाखान्यातून आली त्या संध्याकाळी.

वहिनीचं नाव सांगणार नाही, चेहराही दाखवणार नाही. तिची तेवढी अट आहे.

पदरात दोन मुली. तांबी बसवलेली असूनही दिवस गेले. सातवा आठवडा. आता नको, हे नवरा-बायकोचं एका रात्रीत ठरलं. अवघड गेलं ते त्यापुढचं.

[दृश्य: दवाखान्याचा रिकामा बाक]

खिडकीतून विचारलं, "मिस्टर कुठायत? त्यांची सही लागेल."

लागत नाही. १९७१च्या गर्भपात कायद्यानुसार सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते. तिचं नाव बाहेर फोडणाऱ्याला २०२१च्या दुरुस्तीनं एक वर्षापर्यंत कैद ठेवलीय. २०२२च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयानं २० ते २४ आठवड्यांच्या गर्भपाताच्या तरतुदीतून अविवाहितेलाही वगळता येणार नाही असं सांगितलं. पण त्या खिडकीपुढे कायद्यावर वाद कोण घालणार? दादाला फवारणी टाकून यावं लागलं. अंगाला औषधाचा वास तसाच.

भिंतीवर बोर्ड होता, 'गर्भलिंग निदान कायद्याने गुन्हा आहे.' तो हवाच. २०१७ साली सांगली जिल्ह्यात म्हैसाळला पुरलेले १९ भ्रूण सापडले, ते कोण विसरेल? पण त्या बोर्डाकडे बघता बघता गर्भपात म्हणजेच गुन्हा, असं लोकांच्या डोक्यात बसलं. म्हणून बायका तो शब्दच उच्चारत नाहीत. 'क्युरेटिंग केलं' म्हणतात, नाहीतर 'पिशवी साफ केली.'

आमच्या आईनं त्याहून सोपी वाट काढली. "कुणी विचारलं तर पिशवीत गाठ होती म्हणायचं. दोघी मुलीच आहेत. तिसरीही मुलगीच होती, बघून आले आणि पाडलं, असंच म्हणतील."

सातव्या आठवड्यात सोनोग्राफीत मुलगा-मुलगी कळतच नाही. पण गल्लीला आठवडे मोजून दाखवायचे का?

[दृश्य: ओट्यावर रांगेनं ठेवलेले शेजारच्यांचे डबे]

गाठ उपयोगी पडली. शहाळी आली, मऊ भात आला. शेजारच्या काकू वहिनीच्या उशाशी बसून म्हणाल्या, "साधीच होती ना गं? तपासायला पाठवली का?" वहिनीनं मान हलवली. रात्री मला म्हणाली, "त्यांनी एवढ्या मायेनं डबा आणला. पण ती माया त्या गाठीसाठी होती. माझ्यासाठी नव्हती."

आईनं डिंकाचे लाडू केले, भर चैत्रात. डबा मात्र धान्याच्या कोठीमागे ठेवला. गाठीला कोण डिंकाचे लाडू करतं?

मी वहिनीला विचारलं, वाईट वाटतंय का? म्हणाली, "सुटल्यासारखं वाटलं. आणि सुटल्यासारखं वाटलं, म्हणूनच रडू आलं."

सॅन फ्रान्सिस्कोच्या संशोधकांनी अमेरिकेत गर्भपातासाठी गेलेल्या बायकांशी पाच वर्षं संपर्क ठेवला. ज्यांनी गर्भपात केला, त्यांच्यातल्या शंभरात पंचाण्णवहून अधिक जणींना पाच वर्षांनीही आपला निर्णय बरोबरच वाटत होता. पण कळलं तर लोक आपल्याला खालच्या नजरेनं बघतील, हे ओझं ज्यांच्या मनावर सुरुवातीपासून होतं, त्यांना पुढे कित्येक वर्षं मानसिक त्रास जास्त झाला. अमेरिका वेगळी, सांगोला वेगळा, मान्य. पण कोठीमागचा डबा मी रोज बघत होते.

घरात बोलायला कुणीच नसेल आणि झोप उडाली असेल, तर टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे. फुकट आहे, मराठीतही बोलता येतं.

[दृश्य: पुन्हा ते हात. अंगठ्याचं नख काळं पडलंय.]

दादाला बोलता येत नाही. आमच्या घरात पुरुषांना ते कुणी शिकवलंच नाही. तो रोज संध्याकाळी डाळिंब सोलायचा, वाटी उशाशी ठेवायचा आणि अंगणात जाऊन उभा राहायचा. असे आठ दिवस.

नवव्या दिवशी वहिनी म्हणाली, "अहो, डाळिंब पुरे आता. बसा ना इथं जरा."

तो बसला. पुढे काय बोलले ते मला ठाऊक नाही. कॅमेरा बंद करून दार मीच ओढून घेतलं.