रथापुढे की रथामागे?

पुण्यात दोन मुक्काम झाले, आज माऊलींची पालखी सासवडला निघालीय. उजाडायच्या आतच भवानी पेठेतल्या गल्ल्या भरून गेल्यात, कुणी धोतराचा काष्टा आवळतंय, कुणी पायाला तेल चोळतंय, आणि सामानाचे ट्रक तर कधीच पुढं गेलेत, तंबू ठोकायला.

पंढरपूरच्या वाटेवरचा सगळ्यात लांब टप्पा आजचाच. ३० किलोमीटरच्या आसपास, त्यात दिवे घाट, आणि वर एकादशी! आळंदीहून प्रस्थान ज्येष्ठ वद्य अष्टमीला होतं, त्यामुळे ही चाल बहुतेक वर्षी बरोबर एकादशीवर येते. म्हणजे शेंगदाणे, केळी, जमलं तर साबुदाण्याची खिचडी, एवढ्यावरच घाट चढायचा.

मी पहिल्यांदाच चालतोय. निघताना आमच्या दिंडीतल्या एका काकांनी एकच गोष्ट तीनदा बजावली, बाकी काही विसर पण आपला नंबर विसरू नको, रथामागे कितवी ते पाठ कर. तेव्हा मी नुसती मान हलवली.

हडपसरला दोन वाटा होतात. तुकोबांची पालखी सोलापूर रस्त्यानं लोणी काळभोरकडे, माऊलींची सासवडकडे. इथून आता दोन्ही पालख्यांचे रस्ते वेगळे. लोक थांबून तिकडच्या पालखीला हात जोडतात आणि परत चालायला लागतात.

चालताना दिंडी नीट बघा. पुढं पताका, मग टाळकरी, मधे मृदंग, मागं वीणा, डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका. अभंगही वाटेल तो नाही म्हणायचा, सकाळचे वेगळे, मग गौळणी, नंतर हरिपाठ, सगळं ठरलेलं. आणि पाय टाळावर पडतात हो, खरंच, आपण ठरवून चालतच नाही, ओळ पुढं सरकते तसे आपण सरकतो, वडकी कधी आलं ते मला कळलंच नाही.

मग घाट. चढावर रथाला जादा बैलजोड्या जुंपल्यात, माणसं बाजूनं चालतायत, खाली मस्तानी तलाव दिसतोय आणि वर वळणावळणानं नुसत्या पांढऱ्या टोप्या आणि भगव्या पताका. मी शूटिंगला कठड्यापाशी थांबलो, पाचेक मिनिटं असतील, वळून बघतो तर आमची दिंडी नाही. जो तो पांढऱ्या कपड्यातला, सगळीकडून एकच टाळ, फोनला रेंज नाही. पोटात गोळाच आला.

एका आजींनी विचारलं, "माऊली, नंबर काय? रथापुढं का मागं?" मी सांगितला. त्यांनी समोरच्या दिंडीची पाटी वाचली, मग मला म्हणाल्या, तुमची अजून सहा दिंड्या पुढं आहे, कडेनं चाला. नाव नाही विचारलं, गाव नाही. मी कडेनं पाट्या मोजत गेलो आणि सातव्या पाटीपाशी आमचे काका टाळ वाजवत होते. त्यांनी मला बघितलं, टाळ न थांबवता ओळीत जागा करून दिली.

ही सगळी शिस्त हैबतबाबा आरफळकरांनी घालून दिलेली, १८३२ च्या सुमाराची. रथापुढं २७ दिंड्या, बाकीच्या मागं, आणि प्रत्येकीची जागा ठरलेली. मला वाटतं एवढी लाखो माणसं रोज गाव बदलतात तरी हरवत नाहीत, त्याचं कारण हेच असावं.

सासवड, सोपानकाकांचं गाव. संध्याकाळी तळावर समाजआरती. हजारो टाळ चालू आहेत, चोपदार दंड वर करतात आणि एकदम शांत. एखाद्या दिंडीचा टाळ तरी चालूच राहिला, तर समजायचं त्यांची काही तक्रार आहे, आधी ती ऐकून घेतात. मग हरवलेल्या, सापडलेल्या वस्तू पुकारतात, उद्याचा मुक्काम इथंच, म्हणून परवा जेजुरीला निघायची वेळ सांगतात, आणि आरती.

परत येताना अंधारात राहुट्यांच्या रांगा, पाय पार आखडलेले. वाटेत एक मावशी पिशवी कवटाळून उभ्या होत्या, दिंडी सापडत नव्हती, डोळे भरलेले.

मी जवळ जाऊन विचारलं, "माऊली, नंबर काय? रथापुढं का मागं?"