यंत्रावरचं पंधरावं बटण

नमस्कार श्रोतेहो.

इंदूरचा विषय निघाला की पुण्या-नागपूरचे पाहुणे दोनच गोष्टी विचारतात, रस्ते एवढे स्वच्छ कसे आणि सराफ्यातला खाऊबाजार रात्री किती वाजेपर्यंत चालू असतो. आज या दोन्हींवर बोलायचं नाही. बोलायचं आहे ते मतदान यंत्रावरच्या सगळ्यांत खालच्या बटणावर, म्हणजे 'नोटा'वर, 'वरीलपैकी कुणीही नाही' या पर्यायावर.

यंत्राचं थोडक्यात सांगतो. एका यंत्रावर १६ बटणं असतात. उमेदवारांची नावं संपली की त्याखाली नोटा, मतपत्रिकेवर काळी फुली असं त्याचं चिन्ह. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल सप्टेंबर २०१३ मधला. त्याआधी कुणालाच मत द्यायचं नसेल तर केंद्राध्यक्षाला तसं सांगून नोंदवहीत नोंद करावी लागे, म्हणजे गुप्तता गेलीच. त्याच वर्षीच्या विधानसभेला आपल्या मध्य प्रदेशात हे बटण आलं.

आता इंदूरची २०२४ ची लोकसभा. अर्जांची छाननी २६ एप्रिलला झाली. २९ एप्रिल हा माघारीचा शेवटचा दिवस, आणि त्याच दिवशी काँग्रेसच्या उमेदवारानं अर्ज मागे घेऊन भाजपचा रस्ता धरला. तुम्ही म्हणाल, पक्षानं पर्यायी उमेदवार ठेवला नव्हता का? ठेवला होता! पण गंमत इथेच आहे. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एकच सूचक, म्हणजे त्याचं नाव सुचवून अर्जावर सही करणारा मतदार, पुरतो, अपक्षाला दहा लागतात. मुख्य उमेदवाराचा अर्ज छाननीत मंजूर झाला की पर्यायी उमेदवार पक्षाचा राहत नाही. अपक्ष म्हणून उभं राहावं, तर दहा सूचक नाहीत. म्हणून त्याचा अर्ज २६ तारखेलाच बाद झाला होता. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, उपयोग झाला नाही. पुन्हा सांगतो, छाननीत बाद झालेला पर्यायी उमेदवार मुख्य उमेदवारानं माघार घेतली म्हणून परत येत नाही. पर्यायी अर्जावरही दहा सह्या घेऊन ठेवायला किती वेळ लागतो? एवढ्या जुन्या पक्षाला हे सुचू नये, याचं नवल वाटतं.

मैदानात उरले १४. नोटा धरून १५ बटणं, म्हणजे एका यंत्रात मावली. मग काँग्रेसनं नोटाचाच प्रचार केला! सुमित्राताई महाजन भाजपच्या, आठ वेळा इथल्या खासदार, पण या माघारीचं त्यांनाही आश्चर्य वाटलं आणि त्यांनी ते बोलूनही दाखवलं.

मतदान १३ मेला. सकाळी लवकर मत देऊन शाईचं बोट दाखवणाऱ्याला छप्पन दुकान या खाऊगल्लीत पोहे-जिलेबी फुकट होती. जाता जाता सांगतो, वाफेवरचे, जीरावन मसाला भुरभुरलेले इंदुरी पोहे आणि आपल्या घरचे फोडणीचे पोहे यांची तुलना करू नये. ते दोन वेगळे पदार्थ आहेत. आणि मतासाठी जिलेबीचं आमिष लागावं, हे काही बरं नाही. असो.

४ जूनला मोजणी झाली. भाजपचे शंकर लालवानी १२,२६,७५१. दुसऱ्या क्रमांकावर उमेदवार नव्हताच, नोटा होता: २,१८,६७४. त्याआधीचा विक्रम बिहारमधल्या गोपालगंजचा, २०१९ मधला, ५१,६६० मतांचा. आणि आपल्याकडे नोटाखालोखाल असलेल्या बसपच्या उमेदवाराला मिळाली ५१,६५९. गोपालगंजच्या नोटापेक्षा एक कमी!

याचा परिणाम काय झाला? काहीच नाही. नोटाला सगळ्यांत जास्त मतं पडली असती, तरी उमेदवारांत जो पुढे तोच खासदार झाला असता. अनामत वाचवायला वैध मतांचा सहावा हिस्सा लागतो, त्या हिशेबात नोटा धरत नाहीत. बाकी तेराही जणांची अनामत गेली. महाराष्ट्रातल्या नातेवाइकांशी वाद घालणार असाल तर एक ध्यानात ठेवा. तिथल्या राज्य निवडणूक आयोगानं २०१८ मध्ये स्थानिक निवडणुकांपुरता वेगळा नियम केला आहे: नोटा पहिला आला तर फेरनिवडणूक. लोकसभेला तो लागू नाही. आणि उमेदवार एकच उरला तर बटण दाबायचीही वेळ येत नाही. त्याच निवडणुकीत सुरतला तसंच झालं, बिनविरोध.

आता कामाचं. आपली महापालिका ८५ वॉर्डांची, मागची निवडणूक जुलै २०२२ ची, म्हणजे मुदत २०२७ पर्यंत. रामबागेतून सुदामानगरला राहायला गेलात तर फॉर्म ८ भरा. पत्ता बदलायला फॉर्म ८, नवं नाव घालायला फॉर्म ६. बरेच जण चुकून ६ भरतात आणि नाव दोन याद्यांत येतं. दोन ठिकाणी नाव ठेवणं कायद्यानं चालत नाही. मुलं पुण्याला कायमची गेली असतील तर त्यांनाही तिकडच्या पत्त्यावर फॉर्म ८ च भरायला सांगा. लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव माहेरच्या यादीत असेल तर तिचाही ८ च. आणि महापालिकेची यादी वॉर्डाप्रमाणे वेगळी बनते, तेव्हा लोकसभेला नाव होतं म्हणून निश्चिंत राहू नका. प्रारूप यादी लागली की हरकतीची मुदत संपण्याआधी घरातलं एकेक नाव वाचून घ्या.