आईचा नंबर

नमस्कार श्रोतेहो.

तुमची आई जो फोन वापरते, त्यातलं सिम कोणाच्या नावावर आहे? गेल्या मे महिन्यापर्यंत मला हा प्रश्न कधी पडलाच नव्हता.

माझी आई नागपुरात महाल भागात एकटी राहते. वय 76. मी त्रिमूर्तीनगरात. रोज सकाळी साडेसातला मी तिला फोन लावते. "उठली, चहा झाला", एवढंच ती बोलते, आणि तेवढ्यावर माझा दिवस सुरू होतो. त्या सोमवारी फोन लागलाच नाही. 'आपण संपर्क करत असलेली व्यक्ती संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे.' पाच वेळा लावला, पाचही वेळा तेच. मनात काय काय येऊन गेलं ते सांगत नाही. तशीच ऑटो करून निघाले. पोचले तर आई दारातच उभी. हातात फोन, चेहरा रडवेला. "अवं, मी काहीच नाही केलं त्याला. सकाळपासून असाच होऊन राहिला."

फोनवर अक्षरं होती, 'सिम टाका'. मी मागचं झाकण काढून सिम बाहेर घेतलं. एका कोपऱ्याला बारीक चीर गेलेली, सोनेरी पट्टी घासून पांढरी पडलेली. बाबांनी 2008 साली दोन सिम एकदमच घेतली होती, एक स्वतःला, एक आईला. आईला नंबर पाठ होईना, म्हणून त्यांनी कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला तो मोठ्या आकड्यांत लिहून ठेवला. निळ्या पेनाने लिहिलेला तो नंबर आजही तिथे आहे. बाबा 2021 च्या एप्रिलमध्ये गेले.

मला वाटलं, दहा मिनिटांचं काम आहे. नवीन सिम घ्यायचं, घालायचं, झालं. आम्ही दोघी बर्डीवरच्या मोबाइल कंपनीच्या दुकानात गेलो. टोकन घेतलं, पाऊण तास बसलो. काउंटरवरच्या मुलाने नंबर टाकला, स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाला, "काकू, हे सिम यांच्या नावावर नाही. ज्यांच्या नावावर आहे त्यांना घेऊन या." मी सांगितलं की ते वारले. तो जरा थांबला. मग म्हणाला, "मग सिस्टम नाही घेऊन राहिली काकू. तुम्ही कस्टमर केअरला बोला." आई काही बोलली नाही. पिशवीची दोरी बोटाला गुंडाळत बसली होती.

मला त्या मुलाचा राग आला नाही, आजही नाही. दुसऱ्याच्या नावाचं सिम कोणालाही मागितल्याबरोबर देऊ नये, हे मलाही पटतं. असं सिम बदलून घेऊन लोकांची बँकखाती रिकामी केल्याचे प्रकार घडलेत. पण नियम कडक असला की त्यातून बाहेर पडायची वाटही कोणीतरी सांगायला हवी. कोणते कागद लागतात, कुठे द्यायचे, किती दिवस लागतात. ती वाट सांगणारा माणूस मला बारा दिवसांत एकदाच भेटला.

मंगळवारी मी 198 लावला. माझाही नंबर त्याच कंपनीचा, म्हणून लागला. हा तक्रारीचा नंबर, याला पैसे लागत नाहीत. मराठीसाठीचं बटण दाबलं. बरीच बटणं दाबल्यावर माणूस आला, तो हिंदीत बोलू लागला. मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, पडताळणीसाठी त्या नंबरवर ओटीपी पाठवतो. मी म्हटलं, दादा, तो नंबरच बंद आहे, त्याचसाठी तर फोन केला. मग त्याने विचारलं, खातेधारकाशी बोलता येईल का? एका दिवसात दुसऱ्यांदा नाही, पण दोन दिवसांत दुसऱ्यांदा मला बाबा गेल्याचं अनोळखी माणसाला सांगावं लागलं. त्या आठवड्यात ते मी सात वेळा सांगितलं. प्रत्येक वेळी नवा आवाज आणि पहिल्यापासून सगळी गोष्ट. आधीच्याने काय लिहून ठेवलं ते पुढच्याला दिसतच नव्हतं, किंवा तो बघत नव्हता.

पूर्वी घरी टेलिफोन होता तेव्हा तो बिघडला की लाइनमन यायचा. उशीर व्हायचा, कधी आठवडाही जायचा, पण तो खांबावर चढलेला दिसायचा. त्याला विचारता यायचं.

श्रोतेहो, शेजारपाजारचे मला म्हणाले, एवढी कटकट कशाला, आईला नवा नंबर घेऊन टाक. पण त्या नंबरवर काय काय होतं बघा. बाबांची फॅमिली पेन्शन जमा झाल्याचा मेसेज, बँकेचा ओटीपी, आधार, दवाखान्यातली नोंद. गुरुवारी सिलेंडर आलं, तर पोचवणाऱ्या भावाने कोड मागितला. तो कोड आईच्या बंद नंबरवर. भाऊ ओळखीचा होता, म्हणून त्याने दुसऱ्या दिवशी परत चक्कर मारली. आणि बंद पडलेला नंबर कायमचा बंद राहत नाही. किमान 90 दिवस तो कोणाला देत नाहीत, त्यानंतर तो दुसऱ्या कोणाच्या हातात जाऊ शकतो. आईच्या पेन्शनचे मेसेज तिसऱ्याच माणसाकडे गेले असते.

शुक्रवारी मला मेसेज आला. आपल्या तक्रारीचं निवारण झालं आहे. मी लगेच आईचा नंबर लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर.

त्या मेसेजने मात्र मी पेटले. तोवर मी विनवण्या करत होते. आता मी नियम शोधले. ट्राय, म्हणजे टेलिफोन कंपन्यांवर देखरेख करणारं सरकारी प्राधिकरण, त्याचे 2012 सालचे तक्रार निवारणाचे नियम आहेत. तक्रार नोंदवली की कंपनीने डॉकेट नंबर, म्हणजे त्या तक्रारीचा नोंदणी क्रमांक, द्यायलाच हवा. सेवा बंद पडल्याची तक्रार 3 दिवसांत सोडवायची. नाही सोडवली किंवा समाधान झालं नाही, तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे 30 दिवसांत अपील करता येतं. त्याला फी नाही, आणि त्याचा निकाल 39 दिवसांच्या आत लागायला हवा. माझ्याकडे मंगळवारचा डॉकेट नंबर होता, तो मी वाणसामानाच्या यादीच्या मागे लिहिला होता. तो कागद हरवला असता तर माझ्या हातात काहीच नव्हतं. म्हणून सांगते, फोन ठेवण्याआधी डॉकेट नंबर मागून घ्या, आकडा आकडा परत वाचून दाखवा, आणि तारीख लिहा.

त्याच रात्री ईमेलने अपील केलं. डॉकेट नंबर, तारखा, बाबांच्या मृत्यूच्या दाखल्याचा फोटो. एकच मागणी लिहिली, कोणते कागद हवेत ते लेखी कळवा. बुधवारी एका बाईंचा फोन आला. त्यांनी सगळं आधीच वाचलेलं होतं. मला काहीच सांगावं लागलं नाही. त्यांनी मराठीत सांगितलं की मृत्यूचा दाखला, आईचं आधार, नात्याचा पुरावा आणि आम्हा दोघा भावंडांचं ना-हरकत पत्र घेऊन या, नंबर आईच्या नावावर होईल. तीन मिनिटांचं बोलणं. हे त्या सोमवारी बर्डीवरच सांगता आलं असतं.

गुरुवारी कागद दिले. शनिवारी सिम सुरू झालं. नव्या सिमवर पहिले 24 तास मेसेज येत नाहीत, ही फसवणूक टाळण्यासाठीची खबरदारी आहे, तेव्हा घाबरू नका. आईला ते माहीत नव्हतं. शनिवारभर ती फोन हलवून बघत होती.

अपिलातही काम झालं नसतं तर मी नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात गेले असते. मोबाइल कंपनीविरुद्ध तिथे जाता येत नाही असं पुष्कळ लोक अजून सांगतात, पण सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2022 मध्ये जाता येतं असा निकाल दिलेला आहे. एवढ्या लहान रकमेच्या तक्रारीला तिथे फीही लागत नाही. आणि त्याआधी विचारपूस करायची तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, 1915.

आपल्याकडे कितीतरी घरांत आई, सासू, आजी यांचे नंबर घरातल्या पुरुषाच्या नावावर आहेत. घेताना त्याच्याच ओळखपत्राची झेरॉक्स दिलेली असते. कोणाच्या नावावर किती नंबर आहेत ते सरकारच्या संचार साथी पोर्टलवर दिसतं, पण त्यासाठी ओटीपी लागतो, म्हणजे फोन चालू असतानाच बघायला हवं.

माझा भाऊ अमरावतीला असतो. ना-हरकत पत्रावर सही करून दिली त्याच रात्री त्याने सासूबाईंच्या नंबरची चौकशी केली. तो सासऱ्यांच्या नावावर निघाला. दुसऱ्या दिवशी त्याने दोघांना स्कूटरवरून एकेक करून दुकानात नेलं. सासऱ्यांनी सही केली, सासूबाईंचा फोटो काढला. पाऊण तासात ते घरी परतले.