दोन अंकांच्या मधले बालपण

अध्यक्षमहाराज आणि सोलापूरकर मित्रहो,

‘कोणत्या पिढीचे बालपण कोणत्या कथामालिकेने घडवले’ असा माझा विषय निमंत्रणपत्रिकेवर छापलेला आहे. चांदोबा, फास्टर फेणे, हॅरी पॉटर, डोरेमॉन आणि बाहुबली ही सगळी नावे मीच आयोजकांना कळवली होती. माझे मुख्य म्हणणे आरंभीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे वेळेचे काहीही झाले तरी ते आपल्यापर्यंत पोहोचलेले असेल. एक भाग संपल्यापासून दुसरा भाग हाती येईपर्यंत जो काळ जातो, त्या काळात एखादी मालिका एखाद्या पिढीची होते. त्या दिवसांत मुले आपसांत काय बोलतात, कोणत्या प्रश्नावरून भांडतात आणि पुढे काय घडेल याचे कसे अंदाज बांधतात, यावर माझ्या मते सारे अवलंबून असते. नायक किती शूर आहे किंवा पुस्तक किती खपले, या गोष्टी मी त्यानंतरच्या मानते.

आता चांदोबापासून सुरुवात करू. बी. नागी रेड्डी आणि चक्रपाणी या दोघांनी जुलै १९४७ मध्ये मद्रासहून हे मासिक तेलुगू आणि तमिळ भाषांत काढले. कन्नड व हिंदी आवृत्त्या मागोमाग आल्या आणि १९५२ मध्ये मराठीची पाळी आली. ‘पाताळ भैरवी’ आणि ‘मायाबजार’ हे गाजलेले तेलुगू चित्रपटही याच जोडीने निर्माण केले, त्यामुळे पडद्यावरचा मायावी महाल आणि मासिकातला मायावी महाल यांचे गोत्र एकच होते. चित्रे सर्व भाषांत तीच असत, फक्त भोवतालचा मजकूर बदले. झाडावरचे प्रेत खांद्यावर टाकून, हातात तलवार घेऊन स्मशानातून निघालेला विक्रमार्क ज्यांनी काढला, ते शंकर, म्हणजे के. सी. शिवशंकरन, २०२० मध्ये वारले. त्यांचे नाव आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल, पण त्यांचा राजा या सभागृहातल्या साठीपुढच्या प्रत्येकाला ओळखता येईल.

ही चित्रे अनेक शहरांत पोहोचली, पण सोलापुरात त्यांचे जे झाले ते निराळे होते. ज्या पेठेत एका भिंतीपलीकडे तेलुगू, दुसऱ्या भिंतीपलीकडे कन्नड आणि समोरच्या घरात उर्दू बोलली जाते, तिथे एकच गोष्ट एकाच महिन्यात निरनिराळ्या लिप्यांतून गल्लीत येत असे. आमच्या शेजारी तेलंगणातून आलेले पद्मशाली कुटुंब राहत होते. पुरुष मंडळी मागावर जात, आणि दुपारी घरातल्या बायका सूप मांडीवर घेऊन बिड्या वळत बसत. त्या घरच्या थोरल्या मुलीला आम्ही सगळेच अक्का म्हणत असू. बायकांचे हात चालू असताना अक्काने मोठ्याने तेलुगू अंक वाचायचा, असा त्या घरचा परिपाठच होता. यंत्रमागांच्या आवाजात तिचा आवाज बुडू नये म्हणून ती अगदी खणखणीत वाचत असे, आणि आम्हा मराठी मुलांना त्यातले फारसे काही कळत नसले तरी आम्ही चित्र पाहण्यासाठी उंबऱ्यात गर्दी करीत असू.

कधी तेलुगू अंक आधी येई, कधी मराठी. तेलुगू अंक आधी आला की अक्काच्या धाकट्या बहिणीचा भाव वधारे. वेताळाने राजाला काय विचारले, हे ती आम्हाला फुकट सांगत असे, परंतु राजाने काय उत्तर दिले, ते सांगायला ती बोरे घेई. संक्रांतीच्या सुमारास, गड्ड्याची यात्रा भरलेली असताना, हा दर बोरांवरून पाळण्याच्या एका फेरीपर्यंत चढत असे. वेताळाचे उत्तर अशा रीतीने विकत घेतलेले आणखी कोणी या सभागृहात आहे काय? मागच्या दोन रांगांतून बरेच हात वर आलेले दिसतात, म्हणजे हा व्यापार केवळ आमच्या गल्लीपुरता नव्हता.

एका महिन्यात आमच्यापैकी कोणाजवळच द्यायला काही नव्हते. तेव्हा आम्ही उत्तर स्वतःच शोधायचे ठरवले. तिघांनी केलेल्या त्यागांपैकी कोणाचा त्याग मोठा, असा प्रश्न होता. मराठी अंक येईपर्यंत गल्लीत दोन तट पडले. एका मुलाने आपल्या आजोबांना पंच नेमले, तर दुसऱ्याने मशिदीजवळच्या सायकल दुकानदाराचे मत आणले. अखेर अंक आला तेव्हा राजाचे उत्तर दोन्ही तटांपेक्षा वेगळे निघाले. आमच्यातल्या निम्म्या मुलांनी त्या दिवशी राजाच चुकला असे ठणकावून सांगितले, आणि ते मत त्यांनी पुढे कधीही बदलले नाही. वेताळपंचविशी ही पंचवीस कथांची, सोमदेवाच्या अकराव्या शतकातील कथासरित्सागरात आलेली. दरमहा एक या हिशेबाने हे मूळ भांडवल दोन वर्षांत संपण्यासारखे होते. पुढची अनेक दशके मद्रासच्या लेखकांनी नवनवे पेच रचले, आणि त्या प्रत्येक पेचावर आपल्या शहरात चार भाषांत वाद झाला. याला मी आपल्या शहराची बौद्धिक संपत्ती मानते.

म्हणूनच एका वाचनालयाने, ज्याचे नाव मी घेणार नाही, चांदोबाचे बांधीव खंड रद्दीत काढले, याचे मला आजही अतिशय दुःख होते. मुले ते वाचत नाहीत, असे कारण मला सांगण्यात आले. ते खंड कुलूपबंद कपाटात ठेवलेले होते आणि किल्ली वरच्या मजल्यावर होती. अशा व्यवस्थेत मुलांनी ते कसे वाचावेत, या माझ्या प्रश्नाचे उत्तर अद्याप आलेले नाही. आजही शहरातल्या बालविभागांकडे पाहिले तर मालिकांचे सुटे भाग दिसतात, तिसरा असतो पण दुसरा नसतो.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटे उरली आहेत आणि मी अजून विसाव्या शतकाच्या मध्यावरच आहे, तेव्हा उरलेले वेगाने सांगते.

भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश फेणे ही आपली अस्सल मराठी मालिका आहे. शाळकरी मुलगा, सायकल आणि तोंडातून निघणारा ‘ट्टॉक्’ हा आवाज एवढ्या सामग्रीवर भागवतांनी वीस पुस्तके उभी केली. दूरदर्शनवर त्याची मालिका झाली आणि २०१७ मध्ये चित्रपट आला, परंतु त्या चित्रपटातला नायक मोठा झालेला तरुण होता. चित्रपट चांगला होता. तरीही दहा वर्षांच्या मुलाला आपल्या वयाचा बनेश पडद्यावर मिळाला नाही आणि चित्रपटांची मालिका एका भागावरच थांबली, ही माझी तक्रार आहे.

हॅरी पॉटरचे पहिले पुस्तक १९९७ चे आणि सातवे २००७ चे. हॅरी अकरा वर्षांचा असतो तेथून सतरा वर्षांचा होईपर्यंत वाचकही त्याच्याबरोबर वाढले. चौथे पुस्तक जुलै २००० मध्ये आले, तर पाचव्यासाठी जून २००३ पर्यंत थांबावे लागले. या तीन वर्षांत जगभरातल्या मुलांनी पुढच्या कथा स्वतःच लिहिल्या, आणि आमच्या गल्लीने राजाविरुद्ध दिलेल्या निकालाशी मी त्यांचे नाते जोडते. मराठी माध्यमाच्या मुलांना अनुवादासाठी आणखी थांबावे लागले, त्यामुळे इंग्रजी वाचणारा मित्र त्यांच्यासाठी अक्काच्या बहिणीसारखा ठरला.

डोरेमॉन माझ्या मताला सर्वांत मोठा आक्षेप आहे, आणि मी तो गंभीरपणे घेते. फुजिको एफ. फुजिओ यांनी १९६९ च्या अखेरीस सुरू केलेल्या या जपानी चित्रकथेत नोबिता वर्षानुवर्षे त्याच शाळेत, त्याच गृहपाठापाशी आहे. भाग संपतो तेथेच प्रश्नही संपतो, तरीही टीव्हीवर हिंदीतून दिसणारी ही मालिका एका अख्ख्या पिढीची झाली आहे. माझ्या पाहण्यानुसार त्या पिढीला तिने वादाचा विषय दिला नाही, पण बोलण्याची हिंदी दिली. पूर्व भागातली तेलुगू मुले आणि बाळीवेशीतली कन्नड मुले आज नोबिताच्या हिंदीत एकमेकांशी बोलतात. हा लाभ मी नाकारत नाही. तो लाभ एखाद्या मराठी मालिकेतून होऊ शकला असता, एवढेच मला सुचवायचे आहे.

आणि शेवटी बाहुबली. पहिला भाग जुलै २०१५ मध्ये, दुसरा एप्रिल २०१७ मध्ये. कटप्पाने बाहुबलीला का मारले, हा प्रश्न मुलांनी जवळजवळ दोन वर्षे वागवला, आणि सोलापुरात तो तेलुगूत, हिंदीत व मराठीत एकाच रिक्षात बसून विचारला जात होता. स्वामिनिष्ठा मोठी की माया मोठी, हा तर उघडच वेताळाचा प्रश्न आहे. तेव्हा आजच्या मुलांना थांबता येत नाही, असे कृपा करून कोणी म्हणू नये.

वेळ संपली आहे. बाहेर दाराजवळच्या टेबलावर एक वही ठेवली आहे. ज्यांच्या माळ्यावर चांदोबाचे जुने अंक असतील, विशेषतः तेलुगू किंवा कन्नड, त्यांनी महिना आणि वर्ष तेवढे त्यात लिहावे. एकाच महिन्याचे निरनिराळ्या भाषांतले अंक जुळले की ते मुलांसमोर शेजारी शेजारी उघडून ठेवायचे, असे आम्ही ठरवले आहे. अंक ज्याचे त्याला परत मिळतील.