वाडीचे पहिले तीन उन्हाळे

(दृश्य : जव्हार तालुका, मे महिना. उतारावरची वरकस जमीन.)

पावसाळ्यात या उतारावरून पाणी लोंढ्यानं धावतं आणि मार्चमध्ये इथल्याच विहिरींना तळ दिसतो. नाचणी-वरईचं एक पीक निघालं की माणसं वीटभट्टीची वाट धरतात. अशाच एकरभर जमिनीत वाडी उभी राहते: फळझाडं, आणि त्यांच्या मधल्या पट्ट्यात पिकं.

१९८२ साली गुजरातच्या वांसदा तालुक्यात बाएफ या ग्रामविकासाचं काम करणाऱ्या संस्थेनं ही पद्धत सुरू केली. पुढे ती जव्हारला आली, नाबार्ड या शेती-ग्रामविकासाच्या बँकेच्या आदिवासी विकास निधीतून देशभर गेली.

आखणी उताराला आडवी. १० बाय १० मीटरवर केशर आंबा, एकरी ४० कलमं. खड्डे मीटरभर खोल, उन्हाळ्यातच खणून तापू द्यायचे. भरताना वरची माती आणि कुजलेलं शेणखत. कच्चं शेणखत टाकलं की वाळवी आलीच.

(दृश्य : कलमाचा जोड, अगदी जवळून.)

हा जोड बघा. तो मातीच्या चार बोटं वर हवा. कलम धरलं, की जोडावरची प्लास्टिकची पट्टी सोडायची; राहिली तर खोड आवळतं आणि वाऱ्यात तिथंच मोडतं. जोडाखालून फुटलेला हा कोंब जोमदार दिसतो, पण तो रायवळ, म्हणजे ज्यावर केशर बांधलं त्या खालच्या गावठी आंब्याचा. दिसला की मोडायचा. ठेवला तर केशर सुकतं, रायवळ वाढतं, आणि कळेपर्यंत चार-पाच वर्षं गेलेली असतात.

पहिली तीन वर्षं मोहोर खुडायचा. जिवावर येतं, पण खोडाआधी फळ घेतलं तर झाड खुरटतं.

खरी परीक्षा उन्हाळ्याची. पिकं निघाली की गुरं मोकाट, म्हणून कडेला गिरिपुष्पाच्या काठ्या दाट लावायच्या. आळ्यात बुडाला छिद्र पाडलेलं, कापडी वात घातलेलं मडकं पुरायचं. पाणी मुळांशी झिरपत राहतं. पालापाचोळा पसरायचा, खोडापासून वीतभर सोडून. वाडीभोवतीचं गवत फेब्रुवारीतच कापायचं, नाहीतर डोंगरावरचा एक वणवा तीन वर्षांची मेहनत खातो.

राब भाजायला, म्हणजे रोपं टाकायची जमीन भाजून घ्यायला, इथं जंगलातल्या फांद्या तोडतात. गिरिपुष्पाचा पाला शेतात गाडला की जमिनीला नत्र मिळतं, आणि जंगलावरचा तेवढा भार उतरतो.

मधल्या पट्ट्यात नाचणी, उडीद; पाणी असेल तिथं मोगरा. आंबा हाती येईपर्यंत घर या पट्ट्यावर चालतं.

(दृश्य : पहाट. ओंजळीत मोगऱ्याच्या मिटलेल्या कळ्या.)

कळी उमलायच्या आत खुडायची. उमललेल्या फुलाला बाजारात भाव नाही.