खांबाचा तळखडा दिसतो का?

नमस्कार श्रोतेहो.

नागपूरच्या जुन्या इमारतींचा विषय निघाला की लोक उच्च न्यायालयाचा घुमट दाखवतात. दाखवावाच. नव्या दिल्लीच्या उभारणीत काम केलेल्या हेन्री मेड या वास्तुकाराची ही दगडी इमारत १९४० साली खुली झाली. मी वास्तुकलेच्या इतिहासाची विद्यार्थिनी, पण माझा जीव अडकलाय महाल या जुन्या वस्तीत. गांधी गेट, म्हणजे जुना जुम्मा दरवाजा, ओलांडला की जे वाडे लागतात त्यांत. भोसल्यांचा मोठा राजवाडा १८६४ च्या आगीत गेला. मानकऱ्यांचे, कारभाऱ्यांचे काही वाडे मात्र अजून उभे आहेत.

अशाच एका वाड्याच्या ओसरीवर टेप धरून बसले होते, तर घरच्या आजी म्हणाल्या, "काऊन वं पोरी, मोजून राह्यली? इकत घेतं का काय?" म्हटलं, "आजी, कागदावर घेते फक्त." मग चहा आला.

मोजण्यातच खरी गंमत आहे. दोन खांबांमधलं अंतर, म्हणजे खण, सगळीकडे सारखा येतो आणि एकच मधे अरुंद निघतो. भिंत नंतर घातलेली असते. बहुतेक वेळा भावाभावांची वाटणी! कागदपत्रं हरवली तरी भांडण भिंतीत शिल्लक राहतं.

लोकांना वाटतं, वाडे दुर्लक्षामुळे पडतात. काही पडतातही. पण मला जास्त धास्ती वाटते ती हौसेनं केलेल्या डागडुजीची. जुनी भिंत विटांची आणि चुन्याची. पावसाळ्यात ती ओल घेते आणि चुन्याच्या गिलाव्यातून ती ओल हळूहळू बाहेर पडते. तिच्यावर आपण सिमेंटचा गिलावा चढवतो. ओल आत कोंडते, क्षार विटेत साचतात, खार फुटतो आणि वीट भुगा होऊन गळू लागते. वरून भिंत गुळगुळीत दिसते, म्हणून मालक खूश!

लाकडाचंही तसंच. सागवानी खांब जमिनीत पुरलेला नसतो, तो तळखड्यावर, म्हणजे बुडाशी बसवलेल्या दगडी बैठकीवर, उभा असतो. ओल आणि वाळवी लाकडापासून दूर राहावी, म्हणून ही सोय. पण आधी शहाबादी, मग तिच्यावर टाइल्स अशी फरशीवर फरशी चढत जाते आणि तळखडा गडप होतो. त्यात बाहेरचा सिमेंट रस्ता जोत्याच्या वर गेला असेल, तर पहिल्याच मोठ्या सरीला पाणी ओसरीत. मग खांब बुडाशी कुजतो आणि आपण म्हणतो, वाडा जुना झाला.

शहरात वारसा यादी आहे, श्रेण्या आहेत, समिती आहे. यादी हवीच, पण भिंतीला चुना लावायला यादी येत नाही. (खरा चुना म्हणतेय मी!) त्याला चुना मळून, मुरवून वापरणारा गवंडी लागतो, आणि असे हात आता शोधावे लागतात.

तुमचा वाडा असेल, तर यंदा मिस्त्री टाइल्सचे नमुने घेऊन येईल तेव्हा त्याला आधी खांबाच्या बुडाशी न्या. तळखडा दिसत नसेल, तर नवी फरशी चढवू नका. जुनी काढायला सांगा. आणि काढण्याआधी चार फोटो घेऊन ठेवा.

नमस्कार.