मासेमारीबंदीचा हिशेब कुठे मांडायचा?

अध्यक्ष महोदय आणि रसिक श्रोतेहो,

'रसिक' हा शब्द मी मासळीच्या संदर्भात वापरत आहे, आणि गोव्यातल्या सभागृहात तो कोणाला अन्यायकारक वाटणार नाही असे मी गृहीत धरतो. निमंत्रणपत्रिकेवर आजचा विषय 'खोल समुद्रातील संरक्षित क्षेत्रांत मासेमारीवर घातलेल्या निर्बंधांच्या पर्यावरणीय परिणामांचे मूल्यमापन' असा छापला आहे. तो वाचूनही आपण आलात, याबद्दल आभार. माझे म्हणणे थोडक्यात असे, की बंदीचा परिणाम बंद केलेल्या पाण्यात जितका मोजायचा तितकाच तो खुल्या राहिलेल्या पाण्यातही मोजायला हवा, आणि मोजणी बंदीच्या आधीपासून सुरू व्हायला हवी. खोल समुद्राकडे जाण्यापूर्वी मी आपल्या पावसाळी बंदीविषयी बोलणार आहे, कारण मूल्यमापनात जे जे चुकू शकते ते सर्व तिथे एकत्र पाहायला मिळते.

पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. काही वर्षांपूर्वी एका कार्यालयाकडून माझ्याकडे या बंदीच्या मूल्यमापनाचा एक अहवाल अभिप्रायासाठी आला. त्यात ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात जेटीवर उतरलेल्या मासळीचे वजन दिले होते, शेजारी मेमधल्या एका आठवड्याचे वजन होते, आणि पहिला आकडा मोठा असल्यामुळे 'बंदी यशस्वी' असा निष्कर्ष खाली नोंदवला होता. मी लांबलचक अभिप्राय लिहून पाठवला. उत्तर आले नाही. पुढच्या वर्षी मात्र तोच अहवाल नव्या आकड्यांसह आला.

ऑगस्टच्या त्या दिवसांत मालीमच्या जेटीवर उभे राहिले, तर वजनाचा आकडा कसा तयार होतो ते दिसते. दोन महिने बांधून ठेवलेले ट्रॉलर, म्हणजे तळावरून जाळे ओढत नेणाऱ्या यांत्रिक होड्या, डिझेल आणि बर्फ भरून जवळजवळ एकाच वेळी बाहेर पडलेल्या असतात. तेव्हा एकूण वजन वाढणारच. प्रत्येक होडीने किती तास जाळे ओढले, या तासांनी भागल्याशिवाय त्या वजनाला अर्थ नाही. शिवाय नोंद होते ती क्रेटची. खलाशी सुंगटे एका क्रेटमध्ये, माणक्या दुसऱ्यात, लेपा तिसऱ्यात असे वेगळे करत जातात, आणि त्यांच्या पायाशी बोटभर लांबीच्या पिलांचा, खेकड्यांचा आणि शिंपल्यांचा जो ढीग उरतो तो खतासाठी किंवा फिशमीलसाठी फावड्याने भरला जातो. बंदीने पिलांना वाढायला वेळ मिळाला की नाही, हे सांगणारी मासळी त्या ढिगात असते, आणि वहीत तिच्यासाठी रकाना नसतो.

वजनाऐवजी बाजारभाव पाहावा, असेही मला सुचवण्यात आले होते. भाव उतरला म्हणजे मासळी मुबलक झाली, असा तो तर्क. या तर्काच्या वाटेत श्रावण येतो. 2023 साली तर अधिक श्रावण 18 जुलैला सुरू झाला, त्यामागून निज श्रावण आला आणि चवथ 19 सप्टेंबरला. एरवी इसवणाच्या तुकडीसाठी मार्केटात हुज्जत घालणारी निम्मी गिऱ्हाइके तो सारा काळ वालीच्या भाजीवर काढत होती. अशा वर्षी भाव उतरला, तर त्याचे श्रेय मत्स्य खात्याला द्यायचे की पंचांगकर्त्यांना? (आपण हसलात, पण तो प्रस्ताव गंभीरपणे आला होता.)

यापेक्षा मोठी अडचण पाण्यातच आहे. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्याजवळ खालचे थंड आणि प्राणवायू कमी असलेले पाणी वर चढते आणि उथळ समुद्रतळावर पसरते. दोनापावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञ 1997 पासून कांदोळीसमोरच्या समुद्रात हे नियमित मोजत आले आहेत. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास तळाजवळचा प्राणवायू कधीकधी पूर्ण संपतो आणि पाण्याला सडक्या अंड्यांसारखा वास येतो. तळाची मासळी तिथून निघून जाते. काही वेळा ती किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात गोळा होते आणि सहज जाळ्यात सापडते. आता बंदी उठल्यानंतर लगेच केलेल्या मोजणीत एका ठिकाणी मासळी उदंड आणि दुसऱ्या ठिकाणी शून्य आढळली, तर त्यातले बंदीमुळे काय झाले आणि प्राणवायूमुळे काय झाले? त्यासाठी जाळ्याबरोबर प्राणवायू मोजणारे उपकरण पाण्यात सोडावे लागते. त्या अहवालात पाण्याचा उल्लेखच नव्हता.

अध्यक्षांनी घड्याळाकडे दुसऱ्यांदा पाहिले आहे, त्यामुळे जो विषय मांडायचे कबूल केले होते तो आता वेगाने मांडतो.

2001 साली उत्तर समुद्रातील कॉड माशाला विणीच्या काळात संरक्षण देण्यासाठी फार मोठे क्षेत्र सुमारे अडीच महिने बंद करण्यात आले. तिथले बीम ट्रॉलर, म्हणजे आडव्या दांड्याने उघडे ठेवलेले जड जाळे तळावरून ओढणारी जहाजे, धक्क्याला बांधून राहिले नाहीत. ते बंद क्षेत्राबाहेर गेले, आणि ज्या तळावर पूर्वी फारशी जाळी ओढली गेली नव्हती असा तळही त्यांनी नांगरला. तळावरील सजीवांचे सर्वाधिक नुकसान पहिल्या काही फेऱ्यांतच होते. म्हणून जुन्या, रोजच्या ओढणीच्या जागेवरून उठवलेला ट्रॉलर अस्पर्श तळावर गेला, तर बंदीच्या आत सुधारणा आणि समुद्रात एकंदर तोटा अशी स्थिती येऊ शकते. फक्त आत मोजणाऱ्याला हा तोटा कधीच दिसणार नाही.

अमेरिकेने 1994 च्या अखेरीस आपल्या ईशान्य किनाऱ्यासमोरच्या जॉर्जेस बँक या उथळ सागरी पठारावरील मोठी क्षेत्रे बंद केली. 1998 पर्यंत तेथील स्कॅलप शिंपल्यांचे एकूण वजन 14 पटींनी वाढले, कॉड मात्र सावरला नाही, आणि ट्रॉलर सीमारेषेला खेटून जाळी ओढू लागले. युरोपात प्लेस या चपट्या माशाच्या पिलांसाठी 1989 साली नेदरलँड्स, जर्मनी आणि डेन्मार्कच्या किनाऱ्यांसमोर संरक्षित पट्टा आखण्यात आला. पुढे पाणी तापले, पिले खोल पाण्याकडे सरकली, आणि पट्ट्याचा उपयोग झाला की नाही हा वाद संशोधक आणि मच्छीमार यांच्यात वर्षानुवर्षे चालला. बंद क्षेत्राशी तुलना करण्याजोगे, तशाच तळाचे खुले क्षेत्र सुरुवातीपासून राखले असते, तर तो बराच लवकर मिटला असता.

तळाविषयी एवढेच सांगतो. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक आढाव्यानुसार साध्या ट्रॉलच्या एका फेरीत तळावरील सुमारे 6 टक्के सजीव नष्ट होतात आणि तळ बऱ्याच अंशी पूर्ववत व्हायला साधारण 2 ते 6 वर्षे लागतात. म्हणजे आपल्या 61 दिवसांकडून तळाच्या पुनरुज्जीवनाची अपेक्षाच करता येत नाही. विणीच्या काळापुरता त्यांचा उपयोग असेल, तर मोजमापही पिलांचे करावे.

आता अंग्रिया बँक. विजयदुर्गपासून सुमारे शंभर किलोमीटरवर, कान्होजी आंग्र्यांचे नाव लाभलेले हे बुडालेले प्रवाळपठार 12 सागरी मैलांच्या बऱ्याच पलीकडे आहे, त्यामुळे तेथील मासेमारीचा अधिकार केंद्राकडे जातो. त्याला संरक्षण द्यावे ही मागणी जुनी आहे आणि मला ती मान्य आहे. परंतु अधिसूचना निघण्यापूर्वी निदान दोन वर्षे पठारावर आणि तुलनेसाठी निवडलेल्या एका खुल्या क्षेत्रात एकाच हंगामात, एकाच पद्धतीने मोजणी झाली पाहिजे, प्राणवायूसह. होड्यांवर आता सरकारी योजनेतून ट्रान्सपाँडर, म्हणजे होडी कुठे आहे ते कळवणारी उपकरणे, बसवले जात आहेत. त्यांच्या मार्गांच्या नोंदी, होड्यांची नावे वगळून, संशोधकांना मिळाल्या पाहिजेत, म्हणजे पठारावरून हटलेली होडी मालवणसमोर गेली की आपल्या बेतूलसमोर आली हे कळेल. त्याचबरोबर बंदी खरोखर पाळली जाते का, हेही मोजावे लागेल. एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर केंद्राने 2017 च्या नोव्हेंबरमध्ये बंदी घातली. तरी रात्री समुद्रात ते दिवे दिसतात, अशी आपल्या रापणकारांची, म्हणजे किनाऱ्यावरून जाळे ओढणाऱ्या पारंपरिक मच्छीमारांची, तक्रार आजही चालू आहे. न पाळलेल्या बंदीचा परिणाम मोजायला गेल्यास उत्तर शून्य येईल, आणि ते शून्य बंदीच्या कल्पनेच्या नावावर जमा होईल.

खर्चाचा मुद्दा राहिला. तो कोणी प्रश्नोत्तरांत विचारला, तर जहाजाच्या एका दिवसाच्या भाड्यापासून सुरुवात करू.